खताच्या लिंकिंगची चौकशी स्पर्धा आयोगाकडे पाठवा : केंद्रीय कॉर्पोरेट व्यवहार मंत्र्यांना खुलं पत्र

मा. केंद्रीय अर्थ व कॉर्पोरेट व्यवहार मंत्री, नवी दिल्ली यांना,

मॅडम, सविनय नमस्कार.

खतं तुमच्या खात्यात येत नाहीत हे मला माहिती आहे, त्याचं मंत्रालय वेगळं आहे, पण बाजारात कंपन्या अडवणूक करत नाहीत ना हे बघणारा भारतीय स्पर्धा आयोग तुमच्या खात्याखाली येतो म्हणून हे पत्र तुम्हालाच लिहितोय. परभणी जिल्ह्यात आमची कोरडवाहू शेती आहे, सोयाबीन, कापूस, तूर. शिवाय गावातल्या शेतकऱ्यांनी मिळून काढलेल्या शेतकरी उत्पादक कंपनीकडं खतविक्रीचा परवाना आहे, तिथला हिशोब मी बघतो, त्यामुळं घेणाऱ्याच्या आणि विकणाऱ्याच्या दोन्ही बाजूंनी हा लिंकिंगचा प्रकार, म्हणजे एक खत पाहिजे तर नको असलेला दुसरा मालही घ्यायची सक्ती, मी बघितलाय.

मृगाचा पाऊस पडला की सगळ्यांना एकदमच पेरणीसाठी डीएपी खत पाहिजे असतं. बॅग १,३५० रुपयांची. दुकानात गेलं की सांगतात डीएपी मिळंल पण सोबत हे घ्यावं लागंल, मग ते कधी मायक्रोन्यूट्रियंटचं (सूक्ष्म अन्नद्रव्याचं) पाकीट असतं, कधी विद्राव्य खत, कधी नॅनो खताची बाटली, कधी नाव न ऐकलेलं कसलं तरी टॉनिक. नको म्हटलं की माल संपलाय. युरियाचंही तेच, ४५ किलोची बॅग सरकारनं २६६ रुपये ५० पैशाला ठरवून दिलीय आणि सोबतची बाटली कधी कधी तिच्याच बरोबरीनं पडते. पेरणी चार दिवस लांबली तर काय होतं हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही कळतं, त्यामुळं माणूस वाद न घालता बाटली घेतो आणि ती घरी कोनाड्यात पडून राहते.

बोंबाबोंब झाली की कृषी विभागाचं भरारी पथक येतं, एखाद्या कृषी सेवा केंद्राचा परवाना सस्पेंड होतो, पेपरात फोटो येतो. दुकानदार सगळे धुतल्या तांदळासारखे आहेत असं मी म्हणत नाही, पण आम्ही स्वतः होलसेलकडं डीएपी मागायला गेलो तेव्हा आम्हालाही तेच ऐकावं लागलं, इतके टन डीएपी पाहिजे तर इतका दुसरा माल उचला, नाहीतर गाडी लागणार नाही, आणि हे खत कंपनीकडूनच आलंय, आमच्या हातात काही नाही. कागदावर काहीच सापडत नाही. दोन मालाची दोन वेगळी बिलं, कुठंही लिहिलेलं नाही की हे घेतलं तरच ते मिळंल. एका दुकानाची बिलं बघून कुणालाही वाटेल की दुकानदारानं आपल्या मर्जीनं माल मागवलाय. पाच जिल्ह्यांतल्या शंभर दुकानांची बिलं एकत्र मांडली, तारखा आणि प्रमाण जुळवलं, तरच ते दिसंल, आणि ते काम शेतकरी करू शकत नाही. स्पर्धा आयोगासाठी चौकशी करणारे महासंचालक करू शकतात, त्यांना कागदपत्रं मागवायचा, साक्षीदारांना शपथेवर विचारायचा अधिकार कायद्यानं दिलाय.

आता कायद्याचं बोलतो. आपल्याकडं आधी १९६९ चा एमआरटीपी म्हणजे मक्तेदारीवरचा कायदा होता, तो मुख्यतः कंपनी किती मोठी झाली यावर नजर ठेवायचा. १९९१ नंतर बाजार खुला झाला, मग नव्या कायद्यासाठी राघवन समिती बसली, २००२ ला स्पर्धा कायदा आला, कोर्टकचेरीत काही वर्षं गेली आणि २० मे २००९ पासून त्याची मुख्य कलमं लागू झाली. मोठं असणं हा गुन्हा नाही, मोठेपणा वापरून दुसऱ्याला अडवणं हा गुन्हा, हा त्यातला बदल मला बरोबरच वाटतो. या कायद्याच्या कलम ३(४) मध्ये एक वस्तू पाहिजे असंल तर दुसरी घ्यायची सक्ती, म्हणजे टाय-इन, स्पष्ट शब्दांत आहे. आम्ही ज्याला लिंकिंग म्हणतो तेच.

आणि आयोगाला हे कळत नाही असंही नाही. ऑक्टोबर २०२२ ला आयोगानं गुगलला १,३३७.७६ कोटींचा दंड केला, त्यातला एक मोठा मुद्दा हाच होता की फोन बनवणाऱ्या कंपनीला प्ले स्टोअर पाहिजे तर गुगलच्या बाकीच्या अ‍ॅपचा अख्खा गठ्ठा फोनमध्ये टाकावाच लागायचा. मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणानं काही निर्देश रद्द केले पण दंड कायम ठेवला. एवढ्या बलाढ्य कंपनीला आपल्या आयोगानं प्रश्न विचारले याचा मला खरंच अभिमान आहे, आणि म्हणूनच वाटतं की डीएपीच्या बॅगेलाही तोच प्रश्न विचारला पाहिजे. शेतीतला विषय आयोगाला नवा नाही, धान्याच्या गोदामात किडीसाठी ठेवतात त्या अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांच्या टेंडरमध्ये कंपन्यांनी संगनमत केलं म्हणून आयोगानं २०१२ मध्ये दंड केला होता, तक्रार अन्न महामंडळाची होती. सुप्रीम कोर्टानं २०१७ मध्ये संगनमत झालं हे मान्य केलं, पण दंड फक्त त्या मालाच्या उलाढालीवर मोजा म्हणून सांगितलं.

पण कायद्यात दोन भोकं आहेत आणि आमचा विषय नेमका त्यातूनच निसटतो. २०२३ च्या दुरुस्तीत कलम ३(४) ला एक परंतुक म्हणजे अपवाद जोडला, कंपनी आणि अंतिम ग्राहक यांच्यातल्या कराराला हे कलम लागू नाही. शेतकरी खत स्वतःच्या शेतात टाकतो, म्हणजे अंतिम ग्राहक तोच, म्हणजे दुकानाच्या काउंटरवर झालेली सक्ती या कलमाच्या बाहेर. कंपनी ते होलसेल, होलसेल ते दुकान एवढाच भाग आत राहतो, आणि तिथं तोंड उघडलं तर पुढच्या सीझनला माल मिळणार नाही या भीतीनं कुणी बोलत नाही. दुसरं, कलम ४ वर्चस्वाच्या गैरवापराबद्दल आहे, पण ते वर्चस्व एकट्या कंपनीचं किंवा एका समूहाचं लागतं. इथं चार-पाच कंपन्या असतील आणि प्रत्येक जण आपापलं लिंकिंग करत असंल तर एकटी कुणीच वर्चस्ववाली ठरत नाही, आणि शेतकऱ्याला मात्र कुठल्याही दारात गेलं तरी तीच अट.

नुकसान फक्त त्या बाटलीच्या पैशाचं नाही. जो छोटा कारखानदार चांगलं मायक्रोन्यूट्रियंट बनवतो, माती परीक्षण बघून द्या म्हणतो, त्याचा माल दुकानात पडून राहतो कारण शेतकऱ्याचे पैसे आधीच लिंकिंगमध्ये गेलेले असतात. वाईट मालाला गिऱ्हाईक शोधावंच लागत नाही, तो डीएपीच्या पाठीवर बसून खपतो. स्पर्धा मारणं म्हणतात ते हेच.

कंपन्यांची बाजूही मला माहिती आहे. डीएपी आणि त्याचा कच्चा माल बराचसा बाहेरून येतो, तिकडं भाव चढला तरी इथं एमआरपी वाढू देत नाहीत, सबसिडी पुरत नाही किंवा उशिरा येते, मग तोटा दुसऱ्या मालातून भरून काढतात. यात तथ्य आहे. पण मग तो हिशोब सरकार आणि कंपनीनं समोरासमोर बसून करावा, अर्थखातंही तुमच्याकडंच आहे. तो आमच्याकडच्या जिंतूर-सेलूच्या दोन एकरवाल्याच्या खिशातून गुपचूप वसूल होऊ नये.

सरकारनं स्वतः पाऊल उचललं तर काय होतं ते कापसाच्या बियाण्यात आपण बघितलंय. जालन्याच्या महिकोनं मोन्सॅन्टोसोबत काढलेली कंपनी बोंडअळीला तोंड देणाऱ्या बीटी कापसाचं तंत्रज्ञान द्यायची, ४५० ग्रॅमचं पाकीट १,८५० पर्यंत गेलं होतं आणि त्यात मोठा वाटा रॉयल्टीचा होता. २००६ मध्ये आंध्र प्रदेश सरकारच तेव्हाच्या एमआरटीपी आयोगाकडं गेलं, आयोगानं मे महिन्यात अंतरिम आदेश दिला आणि आंध्रात पाकीट ७५० वर आलं. एकेका शेतकऱ्यानं वकील लावून हे कधीच झालं नसतं.

म्हणून माझी मागणी एवढीच आहे. कलम १९(१) प्रमाणं केंद्र सरकार स्वतः आयोगाकडं संदर्भ पाठवू शकतं. तो तुम्ही पाठवा. मराठवाड्याचे आठही जिल्हे त्यात घ्या, कंपनीनं होलसेलला आणि होलसेलनं दुकानाला दिलेली बिलं मागवा, दुकानातल्या विक्री नोंदवणाऱ्या पॉस मशीनवर कुठल्या दिवशी किती युरिया-डीएपी विकलं ते सरकारकडं आधीच आहे, ते त्याच्या शेजारी ठेवा. माहिती देणाऱ्या दुकानदाराचं नाव गुप्त राहील हे आधी जाहीर करा, नाहीतर कुणी पुढं येणार नाही. साध्या माणसाला आयोगाकडं माहिती दाखल करायची तर ५,००० रुपये फी आहे, शेतकरी आणि शेतकरी गटांना ती माफ करा. आणि ते अंतिम ग्राहकाचं परंतुक, जिथं माल टंचाईचा आहे आणि सबसिडी सरकारची आहे तिथं तरी लागू राहू नये अशी दुरुस्ती आणा.

ऑक्टोबरमध्ये हरभऱ्याच्या पेरणीला पुन्हा डीएपी लागतं. त्याच्या आत तुमच्या खात्याचं पत्र आयोगाकडं गेलेलं असावं. आमच्याकडची बिलं चौकशीला द्यायला आम्ही तयार आहोत.

आपला,
एक शेतकरी, जि. परभणी