पावसाचं पाणी साठवायचे नियम, आणि खड्ड्यातला गाळ

मा. संपादक,

पावसाळा आला की तो मेसेज परत फिरायला लागतो, अमेरिकेत म्हणे घरच्या छपरावरचं पाणी साठवलं तर गुन्हा, आणि खाली हसणाऱ्या इमोजींची रांग. अर्धवट आहे ते. तिथल्या कोलोरॅडो राज्यात मनाई होती हे खरंय, कारण तिथे नदीच्या पाण्यावर ज्याचा हक्क आधीचा त्याला पाणी आधी, आणि छपरावर पडलेलं पाणीसुद्धा शेवटी नदीतच जाणार म्हणजे ते खालच्या हक्कदाराचं, असा कायद्याचा हिशोब. २०१६ ला सूट मिळाली, घराला दोन पिंपं, मिळून ११० गॅलन म्हणजे साधारण ४१६ लिटर, तेही फक्त बागेला वगैरे, प्यायला नाही. शेजारच्या युटात नोंदणी केली तर २५०० गॅलनपर्यंत चालतं.

आता गणित बघा, १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर. १०० चौरस मीटरचं छप्पर असेल तर ५ मिलिमीटरच्या एका सरीत ५०० लिटर, थोडं वाया गेलं तरी ती दोन पिंपं भरली! सूट कसली, नमुना दिलाय हातात.

दुसरं टोक बर्म्युडा बेटांचं. तिथे नद्याच नाहीत, म्हणून घर बांधतानाच छपराचं पाणी टाकीत घेणं बंधनकारक. तमिळनाडूने २००३ मध्ये नव्या-जुन्या सगळ्याच इमारतींना सक्ती केली. मला विचाराल तर सक्तीच बरी, पण ती नीट करा की राव. बहुतेक ठिकाणी बघतात काय तर प्लॅनमध्ये पाणी जमिनीत मुरवायचा खड्डा दाखवलाय ना, मग सही. त्या खड्ड्यात पाणी मुरतं का, वरची वाळू-खडी गाळाने कधीच चोंदली का, पहिल्या सरीचं धूळ आणि पक्ष्यांची घाण घेऊन येणारं पाणी बाजूला काढायची सोय आहे का, हे बघायला परत कोणी येतच नाही. आणि उघडी टाकी म्हणजे डासांना आमंत्रण, कोलोरॅडोवाल्यांनी निदान घट्ट झाकण तरी नियमातच लिहिलंय.

अजून एक, पावसाच्या टाकीचा पाईप नळाच्या लाईनला परस्पर जोडणारे प्लंबर असतात, मोटर लावली की ते पाणी उलटं पिण्याच्या लाईनीत जाऊ शकतं. दरवर्षी पावसाआधी तपासणी सक्तीची केली तर सुरुवात या जोडणीपासून करा, खड्डा नंतर बघितला तरी चालेल.

आपला,
एक वाचक