स्टेपनी नसलेली गाडी

पुणे
रविवार

ती. आई-बाबांस साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "स्टेपनी नाही ती गाडी कसली? मी बुकिंगच रद्द करतो." तेवढ्यात रेंज गेली आणि विषय अर्धवट राहिला. हे फोनवर तुकड्यातुकड्यांनी बोलण्यासारखं नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे. आई, तूही नीट वाच. यातलं निम्मं तुझ्यासाठी आहे.

बाबा, तुमचा राग मला पटतो. सगळी नोकरी एसटीच्या वर्कशॉपमध्ये काढलेल्या माणसाला डिकी उघडल्यावर चाकाच्या जागी एक बाटली आणि छोटा पंप दिसला, तर फसवल्यासारखं वाटणारच. पण हे नियमाला धरून आहे. जुलै २०२० मध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत बदल केला. चालकासह नऊ माणसांपर्यंतची आणि साडेतीन टनांपर्यंतची गाडी असेल, टायर ट्यूबलेस असतील, हवा कमी झाल्याचं गाडी स्वतः सांगत असेल आणि सोबत पंक्चरचं किट असेल, तर स्टेपनी देण्याची सक्ती राहिलेली नाही. तुम्ही बुक केलीत तशा इलेक्ट्रिक गाडीत बॅटरीने खालची जागा घेतलेली असते, सीएनजीत टाकी डिकीत येते. चाक काढलं की वजन कमी होतं, खर्चही वाचतो. वाचलेला खर्च गिऱ्हाइकाला मिळत नाही हे तुमचं म्हणणं खरंच आहे, त्यावर मी वाद घालणार नाही.

माझं म्हणणं वेगळं आहे. स्टेपनी असती, तर ती बदलली कोणी असती?

तुम्हीच. कुंभार्ली घाटात, पावसात, आईला छत्री धरायला लावून तुम्ही जॅक लावायला बसला असता. रिमसकट चाक पंधरा-वीस किलोचं. ते वाकून उचलायचं, धरून ठेवायचं, बोल्टांच्या भोकांशी जुळवायचं. गेल्या वर्षी हर्नियाचं ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरांनी बादलीसुद्धा भरून उचलू नका म्हणून सांगितलं होतं, आणि तुम्ही ऐकलं नव्हतं. आता टायरच्या दुकानात नट हवेच्या गनने आवळतात. गाडीबरोबर मिळणाऱ्या हातभर पान्याने ते सुटत नाहीत. त्या पान्यावर उभं राहून जोर देणारी माणसं मी हायवेवर पाहिली आहेत. तुम्ही तसं करताय, हे चित्र मला मनात आणवत नाही. शिवाय आपल्याकडे साइडपट्टीला लाल माती. ओल्या मातीत जॅक एका बाजूला कसा खचतो ते मी तुम्हाला सांगायला नको.

म्हणून मला वाटतं, तुमच्या या वयात तुम्हाला स्टेपनी नसलेलीच गाडी बरी. फक्त तिची सवय आधी करून घ्यायला हवी.

आता माझ्या गाडीचं काय झालं ते नीट सांगते, फोनवर नुसतं "पंक्चर झाली होती, पोचलो" एवढंच बोलणं झालं. उंब्रज सोडून मल्हारपेठच्या दिशेला लागलो होतो. पोरं मागे झोपलेली, हे दौऱ्यावर, म्हणजे मी एकटीच. डॅशबोर्डवर घोड्याच्या नालेच्या आकाराचं पिवळं चिन्ह आलं, मध्ये उद्गारचिन्ह. पडद्यावर चारही चाकांची हवा दिसते. तीन चाकांत तेहतीस-चौतीस, मागच्या डाव्या चाकात चोवीस, आणि आकडा माझ्या डोळ्यांदेखत उतरत होता. स्टिअरिंगला अजून काही जाणवत नव्हतं. बाबा, हा मोठा फरक आहे. पूर्वी चाक पार बसल्यावर, गाडी ओढायला लागल्यावर कळायचं, तोवर टायर रिमखाली चिरडून गेलेला असायचा. इथे टायर शाबूत असतानाच कळलं. मी वेग कमी केला, धोक्याचे दिवे लावले आणि पुढच्या पेट्रोल पंपाच्या आवारात, सपाट फरशीवर गाडी घेतली. रस्त्याच्या कडेला थांबले नाही. वाटेत टायर खराब झाला असता तरी चाललं असतं, टायर विकत मिळतो.

चाकावर बाटलीतलं पाणी ओतलं. एका जागी बुडबुडे आले. नक्षीच्या खाचेत स्क्रू रुतला होता, डोकं घासून चकचकीत झालेलं. तो मी उपटला नाही. पंक्चरवाला समोर नसेल तर खिळा कधीही काढायचा नाही, कारण भोक त्यानेच बुजवून धरलेलं असतं. आधी नुसती हवा भरून पाहिली. पंपाची वायर गाडीच्या आतल्या, मोबाइल चार्जरच्या बारा व्होल्टच्या सॉकेटमध्ये लावायची, गाडी चालू ठेवायची, नळी वॉल्व्हला फिरवून घट्ट बसवायची, एवढंच. हवा तेहतीसला गेली. मी पाच मिनिटं थांबले, तर सत्तावीस. हळू उतरणारी हवा असती तर तशीच पुढे जाऊन पंक्चरवाला गाठला असता, ते सगळ्यात चांगलं. पण ही थांबणारी नव्हती, म्हणून किटमधली भोक बुजवायच्या औषधाची बाटली काढली.

बाटली आधी खूप हलवायची, कारण आतलं औषध तळाशी बसतं. ते पांढरं, चिकट, रबराच्या चिकासारखं असतं. पंपाला बाटली, बाटलीची नळी वॉल्व्हला. पंप सुरू केल्याबरोबर काटा एकदम वर उडाला, टायरमध्ये असते त्याच्या दुपटीच्याही पलीकडे. बाबा, इथे घाबरून पंप बंद करू नका. वॉल्व्हच्या बारीक वाटेतून जाड औषध जाताना काटा असाच चढतो. औषध आत गेलं की तो धपकन खाली येतो आणि मग खरी हवा हळूहळू चढू लागते. माझी तेहतीसला आली. पंप सलग दहा मिनिटांपेक्षा जास्त चालवायचा नाही, तापतो. तेवढ्या वेळात हवा पंचवीस-सव्वीसच्या वर जात नसेल, तर भोक मोठं आहे असं समजायचं, किट बाजूला ठेवायचं आणि फोन करायचा.

हवा भरली की लगेच निघायचं, हे महत्त्वाचं. चाक फिरल्याशिवाय औषध आत सगळीकडे पसरत नाही. चार-पाच किलोमीटर सावकाश गेले, थांबून परत हवा पाहिली. एकाने उतरली होती, ती भरली. वेग ऐंशीच्या आत ठेवायचा असं बाटलीवर लिहिलेलं असतं, मी साठच्या वर गेलेच नाही. पाटणमध्ये पंक्चरवाल्याला आधीच सांगितलं, "आत औषध आहे आणि वॉल्व्हला सेन्सर आहे." त्याने टायर उतरवून आतून पुसून काढला, सेन्सर स्वच्छ केला. बाहेरून दोरी ठोसून भागलं असतं, पण पुढे घाट होता, म्हणून आतून पॅच लावायला सांगितलं. चहा होईपर्यंत काम झालं, आणि तुमच्या दारात पोचायला जेमतेम दिवेलागण झाली होती.

आता किट कुठे चालत नाही ते सांगते, कारण तुम्ही "सगळं होतं का त्याने?" असं विचारणारच. सगळं होत नाही. जमिनीला टेकणाऱ्या भागात साधारण पाच-सहा मिलिमीटरपर्यंतचं भोक असेल तरच ते बुजतं. टायरची बाजू कापली असेल, खड्ड्यात आपटून तिथे फुगा आला असेल, रिम वाकली असेल किंवा बसलेल्या चाकावर गाडी बरीच चालवली असेल, तर औषधाचा उपयोग नाही. पावसाळ्यात कुंभार्लीत आणि मुंबई-गोवा रस्त्यावर खड्ड्यांनी नेमकं हेच होतं. त्या वेळी गाडी नेणारी गाडी बोलवायची, दुसरा मार्ग नाही. इन्शुरन्समध्ये रस्त्यावरच्या मदतीचं कलम मुद्दाम घ्यायला सांगा, एजंट ते विचारल्याशिवाय घालत नाहीत. आणि इलेक्ट्रिक गाडी दोरीने ओढून न्यायला कोणी आलं तर साफ नाही म्हणा. न्यूट्रल असली तरी चाकांबरोबर तिची मोटर फिरत राहते आणि वीज तयार करते, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं कळेल. ती सपाट पाठीच्या ट्रकवर चढवूनच न्यायची.

घाटात रेंज नसते ही तुमची शंका रास्त आहे. म्हणून घाट दिवसाउजेडी ओलांडायचा आणि चढायच्या आधी चारही चाकांचा आकडा बघायचा. कराडकडे येताना पोफळी-अलोऱ्याला, तिकडून परत जाताना पाटणला. आकडा जरा जरी कमी वाटला तरी तिथेच थांबायचं, वर चढून बघू असं म्हणायचं नाही. पुण्याकडे याल तेव्हा सातारा-पुणे हायवेवर १०३३ हा राष्ट्रीय महामार्गाचा नंबर लागतो, आणि कुठेही ११२ आहेच. हे दोन आणि माझा, असे तीन नंबर मोठ्या अक्षरात लिहून सनशेडच्या मागे चिकटवा. मोबाइलमध्ये आहेत यावर भागवू नका, चष्मा शोधण्यात वेळ जातो.

हायवेवर थांबावंच लागलं, तर दोघांनीही गाडीत बसून राहायचं नाही. डाव्या बाजूच्या दाराने उतरायचं. कठड्यापलीकडे जाऊन उभं राहायचं. त्रिकोण मागे पन्नास मीटरवर ठेवायचा, पण तो ठेवायला चालत जाणं धोक्याचं वाटलं तर तोही राहू दे. उजव्या बाजूचं, म्हणजे ट्रॅफिकच्या बाजूचं चाक गेलं असेल, तर तिथे बसून हवा भरायची नाही. गाडी हळूहळू, चाक खराब झालं तरी, मोकळ्या जागेपर्यंत न्यायची. बाबा, या एका बाबतीत तुमचा शब्द हवाय मला.

आई, आता तुझ्याशी.

आजवर गाडीचं काही झालं की तू पदर सावरून कडेला उभी राहायचीस, कारण चाक बदलणं तुझ्या हातातलं नव्हतंच. हे किट मात्र तुला पूर्ण जमेल. शिलाई मशीनचा पट्टा तू बदलतेस, कुकरचा वॉल्व्ह उघडून साफ करतेस. त्यापेक्षा यात अवघड काही नाही. मला वाटतं, हे काम तूच घे. बाबांनी गाडी चालवायची, हवा तू बघायची. दर पंधरा दिवसांनी, सकाळी गाडी बाहेर काढायच्या आधी, कारण गाडी धावल्यावर टायर तापतो आणि आकडा वाढीव दिसतो. किती हवा हवी ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकरवर लिहिलेलं असतं. दुकानदार "पस्तीस टाकू का" म्हणाला तरी स्टिकर सांगेल तेच. आणि बाटलीवरची तारीख तुझ्या कॅलेंडरवर लिहून ठेव, गॅसचा नंबर लावल्याची तारीख लिहितेस तशी. औषध चार-पाच वर्षांत निकामी होतं आणि एकदा वापरलं की नवी बाटली घ्यावी लागते. बाटली डिकीत सामानाखाली पुरू नका, वरच ठेवा. तुमच्या लोणच्याच्या बरण्या आणि तांदळाचं पोतं काढून मग ती शोधायची वेळ नको यायला.

एवढं सांगूनही बाबांचं मन मानत नसेल, तर एक करूया. त्याच मापाचा टायर आणि रिम मी घेऊन ठेवते. चाक आपल्या ओसरीत राहील. घाटात टायर फाटलाच, तर शेजारच्या काकांचा मुलगा ते जीपमधून आणेल आणि तोच बदलेल. जॅक फक्त दाखवलेल्या जागीच लावायचा हे त्याला मी समजावेन, कारण खाली बॅटरी आहे. बाबा, तुम्ही उभं राहून सूचना द्यायच्या, पाना हातात घ्यायचा नाही.

बुकिंग रद्द करू नका. तुम्हाला ती गाडी किती आवडली आहे हे शोरूममधून केलेल्या फोनवरच कळलं मला. बिनआवाजाची गाडी म्हणून आईही खूश आहे.

गाडी घरी आली की पुढच्याच शनिवारी मी येते. रविवारी सकाळी अंगणात एका चाकाची हवा मुद्दाम सोडू आणि आईने ती पंपाने भरायची. बाटली उघडायची नाही, ती एकदाच वापरता येते, पण नळ्या कुठल्या कुठे लावायच्या ते दोघांनीही हाताने करून बघायचं. पोरांनाही बघायचंय. येताना टॉर्च, हातमोजे आणि परावर्तक पट्ट्यांची दोन जाकिटं आणते. मापं माहीत आहेत.

औषधं वेळेवर घ्या. आई, गुडघ्याला तेल लावतेस ना?

तुमची
धाकटी

ता. क. – गाडी ताब्यात घ्यायला जाल तेव्हा सही करण्याआधी डिकी उघडून किट बाहेर काढायला लावा. बाटलीवरची तारीख पाहा आणि पंप तिथेच चालू करून दाखवायला सांगा. टायरच्या बाजूवर लंबगोलात चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. चारही टायरचे फोटो काढून मला पाठवा.