राखेची उंची मोजणारा लेसर मुंबईत हवा

महोदय,

23 नोव्हेंबर 2025 रोजी इथिओपियातील हायली गुब्बी ज्वालामुखीचा उद्रेक झाला आणि दुसऱ्याच दिवशी त्याची राख अरबी समुद्र ओलांडून गुजरात-राजस्थानवर आली. विमाने रद्द झाली. आमच्या कलिन्यात मात्र जो तो विचारत होता, ‘मास्क लावायचा का?’ राख कित्येक किलोमीटर उंचावर होती. खरा धोका होता तो इंजिनांना.

माझी सारी नोकरी विमानांच्या इंजिनांवर गेली, म्हणून तळमळीने लिहितो. ही राख म्हणजे खडकाचा आणि काचेचा चुरा. इंजिनाच्या ज्वलनकक्षात तो वितळतो, पुढे टर्बाइनच्या पात्यांवर थिजतो आणि हवेची वाट अडवतो. 24 जून 1982 रोजी लंडनहून मुंबईमार्गे ऑकलंडला निघालेल्या ब्रिटिश एअरवेजच्या जंबोची चारही इंजिने इंडोनेशियातल्या जावाजवळ गालुंगुंग ज्वालामुखीच्या राखेत बंद पडली. इंजिने पुन्हा सुरू झाली म्हणून 263 जण वाचले. विमानातले रडार पावसाचे थेंब टिपते. कोरडी राख त्याला दिसलीच नाही.

लायडर या लेसरने मोजणाऱ्या यंत्राला ती दिसते. जमिनीवरून लेसरचे स्पंद वर सोडायचे. कणांवर आपटून परतायला प्रकाशाला किती वेळ लागला, त्यावरून थराचा तळ आणि माथा दोन्ही कळतात. परतलेल्या प्रकाशाचे ध्रुवीकरण, म्हणजे त्याच्या लहरींच्या कंपनाची दिशा, बदललेले असेल तर कण वेडेवाकडे आहेत. पाण्याच्या गोल थेंबांनी ते फारसे बदलत नाही. उपग्रहाला राख कुठवर पसरली ते चांगले दिसते, पण थराची जाडी वरून नेमकी सांगणे अवघड. आइसलँडच्या 2010 च्या उद्रेकात युरोपातल्या लायडरांनी ते काम केले, आणि नंतर ब्रिटनच्या हवामान खात्याने खास राखेसाठी 10 लायडर उभारले, त्यातला एक फिरता.

अडचणी आहेत. पावसाळी ढगांतून लेसर पार जात नाही. वाळवंटी धूळही राखेसारखेच ध्रुवीकरण बदलते, तेव्हा ज्वालामुखीतून निघणाऱ्या आणि उपग्रहाने टिपलेल्या सल्फर डायऑक्साइड वायूशी ताळा घ्यावा लागतो. पण जानेवारी 2022 मध्ये मुंबईवर आलेले धुळीचे वादळ आठवा: तशी धूळ मोजायलाही हेच यंत्र उपयोगी, ते पडून राहणार नाही.

पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेत लेसरने हवेतले कण मोजण्याचे काम 1980 च्या दशकापासून झाले आहे. तज्ज्ञ शोधायला लांब जायला नको. हवामान खाते आणि विमानतळ प्राधिकरणाने मुंबईपासून सुरुवात करून पश्चिम किनाऱ्यावर लायडरची साखळी उभी करावी, आणि तिचे आलेख वैमानिकांबरोबर सर्वांना रोज पाहता यावेत.

– एक निवृत्त विमान देखभाल अभियंता, कलिना, मुंबई