अंगणात काय काय उगवलंय

जळगाव, २८ जुलै

ती. आई आणि नाना यांना
साष्टांग नमस्कार.

रविवारी चोपड्याच्या गाडीने घरी जाऊन आले. नानांच्या काळजीचं आधी सांगून टाकते. घरावरचं मातीचं धाबं कुठेही गळत नाही. मागच्या भिंतीला थोडी ओल आहे, पण दरवर्षीएवढीच. बटाईवाल्याने कपाशीची एक कोळपणी उरकली आहे, बी न उगवल्याने पडलेल्या नांग्या फारशा नाहीत. तापीला पाणी बऱ्यापैकी आलंय. आता ज्याच्यासाठी पत्र लिहायला बसले ते सांगते.

जूनमध्ये तुम्ही दादाकडे पुण्याला गेलात तेव्हा अंगण कोरडं ठाक होतं. परवा कुलूप काढून दार ढकललं तर पाय कुठे ठेवावा कळेना. गवत तर आहेच, पण खाली वाकून पाहिलं तर गवतात रोपंच रोपं. पिशवी ओट्यावर ठेवली आणि उकिडवी बसले, ती उन्हं तिरपी होईपर्यंत उठलेच नाही. आई, त्यातली निम्मीअधिक तू टाकलेली आहेत.

न्हाणीच्या चराशी पपईची २३ रोपं आहेत. पपई चिरली की तू बिया तिथंच झाडतेस. नानांना रोपं करायची असली की ते बिया राखेत चोळून घ्यायचे, कारण वरचं बुळबुळीत आवरण गेल्याशिवाय बी उगवायला फार वेळ लावतं. इथं ते काम न्हाणीच्या पाण्याने आणि पावसाने केलं. पहिली पानं अगदी साधी आहेत, वरच्या पानांना आता कुठे कातरा पडायला लागलाय. त्यातली तीन एका जागी ठेवली आणि बाकीची शेजारच्या काकूंना दिली. नर कोणतं नि मादी कोणती ते फुलं आल्यावरच कळेल, तोवर तिघांनाही राहू दे.

निंबाखाली तर बोट टेकवायला जागा नाही. नाना, तुम्ही म्हणायचात तसंच आहे, निंबोळीला धीर नसतो. पडल्यावर थोड्या दिवसांत ओल मिळाली तर ठीक, नाहीतर आतला जीव जातो. यंदा निंबोळ्या पडायला आणि पाऊस यायला एकच गाठ पडली असणार. लहान रोपाची पानं मोठ्या निंबासारखी मुळीच दिसत नाहीत. पहिली दोन पानं समोरासमोर, तीन-तीन पात्यांची. खाली जाड हिरवी बीजदलं नसती तर मला ओळखूच आलं नसतं. या वेळी फवारणीच्या अर्कासाठी निंबोळ्या वेचायला तुम्ही नव्हतात, म्हणून एवढी उगवली.

पण सगळ्यात जास्त वेळ मी गिलक्यापाशी बसले. मांडवाच्या खांबाशी मागच्या वर्षीचं एक वाळकं गिलकं तसंच पडून राहिलं होतं, त्याचं बी. एक रोप नेमकं त्याच वेळी माती फोडत होतं. कोंब सरळ वर येत नाही गं, मान खाली घालून येतो. आधी वाकलेली पाठ दिसते, पांढरट, दोऱ्याएवढी. पाठीने माती ढकलायची आणि कोवळा शेंडा मागून ओढून घ्यायचा, म्हणजे तो खरचटत नाही. उजेड लागला की मग मान हळूहळू सरळ होते. शेजारच्या रोपाच्या डोक्यावर काळं टरफल अजून होतं. मला ते काढून टाकायचा मोह झाला. पण खाली बारकाईने पाहिलं तर दांड्याला एक इवलीशी खुंटी फुटलेली, आणि टरफलाची खालची कड तिने मातीत दाबून धरलेली. बाकीचा दांडा वर ताणला की टरफल आपोआप निघतं. एवढी तजवीज त्या बियात आधीपासून होती. मी हात मागे घेतला.

नाना, तेव्हा तुमची आठवण झाली. पेरणीनंतर एखादी सर येऊन ऊन पडलं की जमिनीवर पापुद्रा धरायचा आणि सरकीचा कोंब खालीच कोंडायचा. तुम्ही पहाटे शेतात जाऊन काडीने पापुद्रा मोकळा करायचात. मी तुमच्यामागून चालायचे आणि मला वाटायचं, तुम्ही काहीतरी हरवलेलं शोधताय. २००२ मध्ये बीटी कपाशीच्या बियाण्याला परवानगी मिळाली, नंतर ती आपल्याकडेही आली, आणि तुम्ही उभ्या-आडव्या रेघांच्या चौफुलीवर एकेक सरकी मोजून टोकायला लागलात. नांग्यांसाठी पिशव्यांत वेगळी रोपं ओट्याखाली तयार असायची. त्या पिशव्यांना पाणी घालायचं काम माझं होतं. रोज सकाळी त्यांच्यासमोर बसून मी काय पाहायचे ते तेव्हा सांगता आलं नसतं. आता वाटतं, बघायला मी तिथंच शिकले.

तरी चूक व्हायची ती झालीच. गेल्या वर्षी इथे गॅलरीत भरिताच्या वांग्याचं रोप टाकलं होतं, फोनवर सांगितलं नव्हतं तुम्हाला. दाट उगवलं, हिरवंगार. मी सकाळ-संध्याकाळ पाणी घालत राहिले. एका सकाळी पाहते तर सगळी रोपं जमिनीलगत मान टाकून आडवी. मातीजवळचा दांडा सुतासारखा बारीक झाला होता. मी फार रडले होते. माती सतत ओली, रोपं दाट, वारा खेळत नाही, म्हणून मर लागली हे आता कळतंय. वाफा उंच करायचा, बी विरळ टाकायचं आणि वरची माती सुकू द्यायची हे तुमच्या वाफ्यावर मी दरवर्षी पाहिलं होतं. पण पाहिलेलं आणि केलेलं यात अंतर असतं. यंदा तसंच केलंय. रोपं चार-पाच पानांची आहेत, दांडे आखूड नि जाड. कानबाईच्या सणाला भरीत नाही होणार त्यांचं, पण थंडीत नक्की.

चिंचोके ओट्याखाली उगवलेत, तू चिंच फोडायला बसायचीस तिथंच. इतकीशी रोपं, पण संध्याकाळी पानं मिटून घेतात, मोठ्या झाडासारखीच. आखाजीच्या आमरसाच्या दोन कोयीही फुटल्यात. पानं तांबूस, लुळी, खाली लोंबणारी. लहानपणी अशी फुटलेली कोय दगडावर घासून मी पुंगी करायचे आणि तू रागवायचीस, "झाड वाजवू नको वं." पुंगी केली नाही या वेळी. दोन्ही तशाच ठेवल्यात.

एक काम मात्र तुला न विचारता केलं. धाब्याच्या कडेला पिंपळ आला होता, वीतभर. मुळं भिंतीत शिरायच्या आत काढणं भाग होतं. आई, तू आधी हात जोडतेस तसे जोडले, मग ओल्या फडक्याने माती भिजवून मुळासकट सोडवला. गावाबाहेर नाल्याच्या काठाला लावून आले, दोन दिवसांनी काकूंचा मुलगा पाणी घालून येईल.

दादा म्हणाला, तुम्हाला तिथं करमत नाही. नाना, गुडघा दुखतो म्हणून तुम्ही दिवसभर खोलीतच असता, आणि चौथ्या मजल्यावरून खाली गाड्याच दिसतात. म्हणून दुधाच्या पिशव्यांत दोन निंब आणि एक चिंच लावून ठेवलीय. दादा या शनिवारी येतोय, त्याच्याबरोबर पाठवते. खिडकीत ऊन येईल तिथंच ठेवा. आत ठेवाल तर देवघरातल्या घटाच्या धान्यासारखी लांब आणि पिवळी होतील. ते दसऱ्याला केसांत माळायला शोभतं, रोपाला नाही. एकमेकांना न सांगता दोघांनीही पाणी घालायचं असं मात्र करू नका.

आणि श्रावणात कानबाईला या. गुडघ्याचं बघू, गाडी दारापर्यंत येते. रोट खायला सगळे भाऊबंद जमतील तेव्हा तुम्ही दोघं नसाल तर मला नाही चालणार. अंगण मी साफ करणार नाही, फक्त वाट मोकळी करते. बाकी आल्यावर तूच ठरव काय ठेवायचं ते.

एक विचारायचं राहिलं. तिसऱ्या पायरीच्या फटीत एक रोप आहे. दोन बीजदलं गोलसर, मधली पानं लांबट, चुरगळली तर वास येत नाही. निंब नाही, चिंच नाही, सीताफळही वाटत नाही. काकूंनाही ओळखता आलं नाही. पायरीवर तू संध्याकाळी निवडायला बसायचीस. आई, तिथं काय निवडत होतीस ते आठवतंय का?

तुमची लेक