स्टील हेलकाइटला काढू नकोस

प्रिय नंदू,

सप्रेम नमस्कार. मॅजिक: द गॅदरिंगच्या तुझ्या नव्या कमांडर डेकची (शंभर कार्डांच्या गड्डीची) यादी मिळाली. शंभरच्या शंभर कार्डं सावकाश वाचली आणि खाली 'काढायची कार्डं' लिहिलंस तिथे अडकलो. स्टील हेलकाइट? अरे, त्याला कसं काढतोस!

कार्ड जुनं आहे, कबूल. २०१० च्या 'स्कार्स ऑफ मिरॉडिन' संचातलं. मिरॉडिन म्हणजे धातूचं जग, म्हणून हा ड्रॅगनही आहे आणि आर्टिफॅक्टही, म्हणजे यंत्र-वस्तूच्या प्रकारातलं कार्ड. किंमत सहा माना (कार्ड खेळायला लागणारी जादूची शक्ती), ताकद आणि टिकाव ५/५, शिवाय फ्लाइंग, म्हणजे उडणाऱ्यांना न अडवता येणाऱ्यांच्या डोक्यावरून जातो. रंगीत माना लागतच नाही, त्यामुळे कुठल्याही डेकमध्ये बसतो. पण एवढ्यावर मी भांडलो नसतो. त्याचा खरा जोर खालच्या ओळीत आहे. त्याने हल्ल्यात ज्या खेळाडूला इजा (कॉम्बॅट डॅमेज) केली, त्याची टेबलावर मांडलेली क्ष किमतीची सगळी कार्डं आणि टोकन, लँड (माना देणाऱ्या जमिनी) सोडून, क्ष माना देऊन उडवायची; क्ष म्हणजे तू निवडलेला आकडा. एका टर्नमध्ये एकदाच.

आता हे टेबलावर बघ. समोरच्याने जमिनीवर टोकनची (दुसऱ्या कार्डांनी तयार केलेल्या सोंगट्यांची) फौज उभी केलीय, शेजारी ट्रेझरचा, म्हणजे मोडून माना देणाऱ्या टोकनचा, ढीग. उडणारं एकही नाही. हेलकाइट वरून जातो, पाच डॅमेज बसतं. तू म्हणतोस, क्ष शून्य. साध्या टोकनची किंमत शून्यच असते, त्यामुळे एक माना न घालवता अख्खी फौज साफ! फार तर तो घाईघाईने ट्रेझर मोडून माना काढून घेईल. आणि यात टार्गेट नसतं, म्हणजे एखादं ठरावीक कार्ड निवडून नेम धरायचा नसतो, म्हणून अशा नेमापासून वाचवणाऱ्या हेक्सप्रूफचाही उपयोग नाही. आकडा तू डॅमेज बसल्यावर सांगतोस, त्यामुळे ब्लॉक करायचं की नाही हे ठरवताना त्याला काय काय जाणार ते कळतच नाही. मला हे फार आवडतं.

शिवाय दर दोन मानाला त्या टर्नपुरती ताकद एकने वाढते (+१/+०), ते आहेच. हातात सहा माना असतील तर आठचा घाव घालायचा, की माना राखून सहा किमतीचं त्याचं सगळ्यात मोठं कार्ड उडवायचं? दर हल्ल्याला हा हिशेब नव्याने करावा लागतो. नुसत्या मोठ्या आकड्याच्या ड्रॅगनमध्ये ही मजा नाही.

कच्चा दुवाही आहे. क्रीचर (लढणारा प्राणी) मारणारं कार्ड आणि आर्टिफॅक्ट फोडणारं कार्ड, दोन्ही त्याला लागू पडतं, आणि आल्या टर्नला तो हल्ला करत नाही. पण लाइटनिंग ग्रीव्ज तुझ्या यादीत आहेच की! ते त्याच्यावर चढवलं की हेस्ट, म्हणजे आल्या टर्नलाच हल्ला करायची मुभा, मिळतो आणि कुणाला त्याला टार्गेटही करता येत नाही. चौघांच्या डावात सगळ्यात जास्त कार्डं मांडून बसलेल्यावर पहिला सोड.

जागा करायची तर सात मानाच्या त्या दोन स्पेलपैकी एक काढ, दोन्ही एकच काम करतात. बदललेली यादी लगेच पाठव, मग लँड किती ठेवायच्या ते बोलू.

तुझा,
अभी