अननस दह्यात घालण्याआधी शिजवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवार पुरवणीत फळांच्या रायत्याची कृती आली आहे. अननस, किवी आणि द्राक्षे चिरून गोड दह्यात कालवायची आणि दोन तास फ्रिजमध्ये मुरू द्यायची, असे त्यात सांगितले आहे. असे रायते पानात पडेपर्यंत कडू होते, त्याला पाणी सुटते, आणि करणारी बिचारी दह्याला किंवा स्वतःच्या हाताला दोष देत बसते. दोष दोघांचाही नाही. अननस आणि किवी ही कच्ची दह्यात मुरवायची फळेच नव्हेत. किंबहुना कोणतेच फळ दह्यात दोन तास ठेवायचे नसते. पुढच्या अंकात एवढी दुरुस्ती छापावी, ही कळकळीची विनंती. कारण आणि रीत दोन्ही खाली देते.

न शिजवलेल्या अननसात ब्रोमेलेन नावाचे विकर, म्हणजे एन्झाइम असते. प्रथिने तोडणे हे त्याचे काम. दही घट्ट लागते ते दुधातल्या प्रथिनांमुळे. ती तुटली की दही पातळ होते आणि तुटलेल्या तुकड्यांची चव कडू लागते. फ्रिजच्या गारव्याने हे काम मंदावते, थांबत नाही. ताजा अननस घातलेली जिलेटिनची जेली घट्ट होत नाही, तीही याच कारणाने. किवीत अ‍ॅक्टिनिडिन, पपईत पपेन आणि ताज्या अंजिरात फिसिन असते, त्यांचाही परिणाम तोच. पपई पिकत जाते तसे पपेन पुष्कळ कमी होते, तरी रायत्यासाठी ती न घेतलेली बरी. एकदा आलेला कडवटपणा साखर वाढवून झाकला जात नाही, रायते तेवढे जास्त गोड आणि तरीही कडूच लागते.

यावर उपाय म्हणजे उष्णता. नीट तापवल्यावर ब्रोमेलेन निकामी होते. केरळात ओणमच्या सद्येत, म्हणजे सणाच्या पंगतीत, वाढतात त्या अननसाच्या पचडीत, म्हणजे दह्यातल्या कोशिंबिरीत, फळ आधी शिजवतात, त्यात नारळाचे वाटण घालतात आणि दही सगळ्यात शेवटी. विकराचे नाव माहीत नसताना त्या स्वयंपाकघरांनी क्रम बरोबर बसवला होता.

चार-पाच जणांसाठी अननसाचे सोललेले तुकडे ३०० ग्रॅम घ्यावेत. डोळे पूर्ण काढावेत आणि मधला कडक दांडा टाकून द्यावा. त्यात ब्रोमेलेन जास्त असते, शिवाय तो चावतही नाही. तुकडे साधारण एक सेंटिमीटरचे हवेत. मोठे राहिले तर आतपर्यंत उष्णता पोचत नाही आणि बाहेरून शिजलेला तुकडा आतून कच्चाच राहतो. पसरट कढईत तुकडे, दोन मोठे चमचे साखर आणि चिमूटभर मीठ घालून मध्यम आचेवर ठेवावे. पाणी घालू नये, साखर-मिठाने फळाचा रसच सुटतो. तो उकळायला लागला की ६-७ मिनिटे ढवळत शिजवावे. तुकड्यांचा पांढरटपणा जाऊन ते काचेसारखे दिसू लागले आणि रस चमच्याला चिकटण्याइतका आटला की गॅस बंद करावा. मग पूर्ण गार करणे महत्त्वाचे. गरम तुकडे घातले तर दही फुटते आणि त्याचा बारीक रवा दिसू लागतो. शंका असेल तर एका वाटीत चमचाभर दही आणि एक तुकडा वीस मिनिटे ठेवून चाखावे. कडू लागले नाही तर खुशाल बाकीचे कालवावे. बाजारच्या हवाबंद डब्यातला अननस आधीच तापवलेला असतो, त्यामुळे तो चालतो. मात्र त्याचा पाक निथळून घ्यावा आणि वरून साखर घालू नये.

एवढ्या अननसाला ५०० ग्रॅम दही लागते. दही ताजे आणि गोड हवे, आदल्या दिवशीचे आंबट नको. घरी लावायचे तर एक लिटर म्हशीचे किंवा मलईचे दूध चांगले उकळून, बोट सहज बुडवता येईल इतके कोमट करावे आणि लहान चमचाभर विरजण लावावे. उन्हाळ्यात ४-५ तासांत लागते, थंडीत ८-१० तास जातात. लागल्या लागल्या फ्रिजमध्ये टाकावे, कारण ओट्यावर राहील तसे ते आंबत जाते. मग पातळ पंचात अर्धा तास टांगावे. ५०० ग्रॅमचे साधारण ४०० ग्रॅम उरले पाहिजे. त्यापुढे टांगले तर चक्का होतो आणि रायत्याऐवजी श्रीखंडाच्या वाटेवरचे काहीतरी पानात येते. न टांगता घेतले तर फळांच्या रसाने ताटात पाणी पळते. गळलेले पाणी कणीक भिजवायला वापरावे. दही चमच्याने किंवा रवीने हलकेच घोटावे. मिक्सर नको, त्याने दही पातळ होते आणि पुन्हा घट्ट होत नाही.

मोहरीबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण छापील कृतींत ती 'मोहरीपूड अर्धा चमचा' एवढ्यावर उरकलेली असते. मोहरीचा झणका कोरड्या दाण्यात नसतो. दाणा फुटून पाण्याशी गाठ पडली की तो तयार होतो. अर्धा चमचा मोहरी खलबत्त्यात चिमूटभर मीठ घालून कुटावी, दोन चमचे गार पाणी घालून फेसावी आणि दहा मिनिटे तशीच ठेवावी. नाकाला झिणझिण्या आल्या की दह्यात घालावी. गरम पाणी घातले तर झणका येत नाही आणि नुसता कडवटपणा उरतो. आंबट दह्यात थेट कोरडी पूड टाकली तरी ती मिळमिळीत लागते, कारण आंबटपणाने झणका तयार होण्याचे कामच मंदावते. अननसाला, आंब्याला मोहरी शोभते. केळ्याला आणि डाळिंबाला भाजलेल्या जिऱ्याची पूड बरी.

बाकीच्या फळांना शिजवावे लागत नाही, पण प्रत्येकाची वेळ वेगळी आहे. केळे पिवळेधमक पण घट्ट हवे. ठिपके पडलेले मऊ केळे शिकरणाला घ्यावे, कोशिंबिरीत ते बुळबुळीत होते. दही, मीठ, साखर, मिरची, ओले खोबरे सगळे आधी तयार ठेवून केळे पाने वाढण्याच्या दहा मिनिटे आधी थेट दह्यातच चिरावे. हवेशी संबंध कमी आला की ते काळे पडत नाही. सफरचंदालाही हाच नियम. डाळिंबाचे दाणे घेताना पांढरी साल एकही राहू देऊ नये, कडवटपणा तिच्यात असतो. हे दाणे तासभर दह्यात राहिले तरी बिघडत नाहीत, फक्त दही गुलाबी होते. द्राक्षे उभी चिरावीत. अख्ख्या द्राक्षाला सालीमुळे दह्याची चव लागत नाही, आणि लहान मुलांच्या घशात ते अडकण्याचा धोका असतो. त्यांच्यासाठी उभे चार तुकडे करावेत. पेरूच्या बिया काढून फक्त गर घ्यावा. चिक्कू पूर्ण पिकलेलाच घ्यावा, कच्च्या चिक्कूचा चीक तोंडात राहतो. साखर आणि मीठ कोणत्याही फळावर आधी भुरभुरवून ठेवू नये, दोन्ही फळातले पाणी ओढून बाहेर काढतात. ती दह्यात विरघळवावीत आणि फळ मागून घालावे.

फोडणी हवी असेल तर चमचाभर साजूक तूप, अर्धा चमचा जिरे आणि एक मिरची पुरे. हळद नको. फ्रिजमधल्या गार दह्यावर तूप ओतले की त्याचे पांढरे कण गोठतात आणि टाळूला चिकटतात. म्हणून दही वाढण्याच्या वीस मिनिटे आधी बाहेर काढावे, फोडणी कोमट होऊ द्यावी आणि मगच घालावी. उपासाला सैंधव आणि शेंगदाण्याचे कूट घालून केळ्याची कोशिंबीर उत्तम होते, फक्त मोहरी वगळावी.

पंगतीचे प्रमाणही देते, कारण मंगल कार्यालयांतून अननसाचे रायते सकाळी कालवून दुपारी वाढताना सर्रास दिसते. पानाच्या डाव्या बाजूला वाढायच्या कोशिंबिरीला माणशी ६० ग्रॅम पुरतात, म्हणजे पन्नास पानांना सुमारे तीन किलो. टांगलेले दही पावणेदोन किलो आणि शिजवून आटवलेला अननस सव्वा किलो घ्यावा. शिजवताना तो घटतो, म्हणून सोललेला दीड किलोच्या पुढे लागतो. अननस आदल्या रात्री शिजवून, गार करून फ्रिजमध्ये ठेवला तरी चालतो. दही वेगळे टांगून गार ठेवावे आणि पहिली पंगत बसताना अर्धेच कालवावे. दुसऱ्या पंगतीचे तेव्हाचे तेव्हा कालवावे. डब्यात न्यायचे असेल तर फळ आणि दही दोन वेगळ्या डब्या कराव्यात. कालवलेले उरलेच तर ते लगेच फ्रिजमध्ये ठेवून त्याच दिवशी संपवावे.

आपली,
एक वाचक, सांगली