नऊ इंचांना नोटीस, सात मजल्यांना नाही

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कालच्या अग्रलेखात आपण आम्हा नागरिकांचे कान चांगलेच उपटलेत. शहराच्या विकास आराखड्यातल्या फेरबदलावर महिनाभरात जेमतेम चार हरकती आल्या, त्याअर्थी लोकच झोपलेले आहेत! झोपलेल्यांपैकी मीही एक, म्हणून हे पत्र.

आमच्या मागच्या भिंतीला लागून बगीच्याचे आरक्षण होते. बगीचा कधी झाला नाही हे खरे, पण पोरे खेळत. एके सकाळी तिथे जेसीबी आला. मी नगरपरिषदेत गेले. नगररचनेच्या टेबलावरच्या गृहस्थांनी फाईल काढून दाखवली. आरक्षण उठले, जागा रहिवास विभागात गेली, सूचना राजपत्रात आली, वर्तमानपत्रातही आली. वर्तमानपत्र आपलेच! पान नववे, एक नावबदल आणि एक हरवलेले खरेदीखत यांच्या मधोमध, मुंगीच्या पायांएवढ्या अक्षरांत. मजकुरात नुसता सर्व्हे नंबर, त्यापुढे 'पैकी'. ना गल्लीचे नाव, ना शेजारच्या शाळेचे. नकाशा म्हणे कार्यालयीन वेळेत पाहायला ठेवला होता. (त्या जागेवर उठलेल्या सात मजली इमारतीची जाहिरात मात्र आपण पहिले पान भरून छापलीत. ती आमच्या आजेसासूबाईंनाही चष्म्याशिवाय वाचता आली असती.)

१९६६ च्या नगररचना कायद्याचे कलम ३७ मी आता वाचले आहे. राजपत्रातली सूचना आणि हरकतींसाठी महिना, एवढ्यावर ते थांबत नाही. बाधित होणाऱ्या सर्वांवर नोटीस बजावायची आणि त्यांचे ऐकून घ्यायचे, असेही त्यात लिहिले आहे. हे मी त्या गृहस्थांना दाखवले. ते शांतपणे म्हणाले, "काकू, बदल त्यांच्या जागेत झाला. तुम्ही कुठे बाधित?" माझ्या गच्चीवर आता दुपारी दोननंतर ऊन नाही, कुरडया वाळत नाहीत, बोअरचे पाणी फेब्रुवारीतच तळाला गेले. पण मी बाधित नाही. शिवाय आराखड्याचे मूळ स्वरूप बदलणार नाही एवढाच फेरबदल या कलमाखाली करता येतो. बगीच्याचे सात मजले झाले तरी स्वरूप तेच, हे मला कोणी समजावून सांगेल का?

गंमत पाहा. याच जागेची मोजणी तीन वर्षांपूर्वी झाली, तेव्हा भूमी अभिलेख कार्यालयाची नोटीस आमच्या घरी आली होती. लगतधारक, म्हणजे शेजारचे जमीनमालक म्हणून! यजमान दिवसभर उन्हात उभे राहिले, मोजणीदार अडीच वाजता उगवले, मी सगळ्यांना चहा केला, खुणा दाखवल्या, कागदावर आमची सही घेतली. वाद होता नऊ इंचांचा. म्हणजे आमचा पत्ता सरकारला ठाऊक आहे.

फेरबदल झाला तेव्हा नगरपरिषदेवर प्रशासक होते, त्यामुळे नगरसेवकाच्या दारात जाऊन बसायचीही सोय नव्हती. परवानगी मिळाल्यावर साइटवर जो भलामोठा फलक लागतो, तोच प्रस्तावाच्या वेळी महिनाभर आधी लावला असता तर हरकती चारच आल्या असत्या का, याचा विचार अग्रलेख लिहिणाऱ्यांनी करावा. आणि तोवर आम्हाला झोपाळू म्हणू नये.

जाता जाता आणखी एक. गेल्या दोन रविवारच्या शब्दकोड्यांत उभे सात आणि आडवे अकरा जुळत नाहीत. दुरुस्ती छापणार असाल तर नवव्या पानावरच छापा. हल्ली मी पेपर तिथूनच वाचायला घेते.

आपली,
एकतीस वर्षांची वर्गणीदार